भजनाच्या पेटीचे वय किती?

हलक्या धानाची कापणी आटोपली, चुरणे झाले, ढोलीत धान पडले, की आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला गाण्याबजावण्याची आठवण होते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर वडशाहून आलेली नाटक मंडळी. त्याआधी कार्तिकातली काकड आरती असतेच. या साऱ्यात एक वस्तू लागतेच लागते, आणि उरलेले वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. ती म्हणजे मंडळाची पेटी.

आमच्या गावची पेटी देवळाच्या कोपऱ्यात, सतरंजीच्या गुंडाळीखाली पडलेली होती. दोन पट्ट्या दाबलेल्याच राहिलेल्या. भाता मारला तर सुरापेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त. काकड आरतीच्या आधी सभामंडपात बैठक बसली. पोरांचे म्हणणे, “आता ही काढून टाका. कॅसिओ घेऊ. त्यात शंभर आवाज आहेत.” पोरांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. पण त्याच आठवड्यात मोटारसायकलवर एक जुन्या वस्तू घेणारा गृहस्थ येऊन गेला होता. “पेटी मेली आहे, लाकडाचे म्हणून पंधराशे देतो,” असे तो म्हणाला होता. हे सांगून झाल्यावर आमचे मोठे बाबा हळूच म्हणाले, “पण त्यानं आतले सूर दोनदा उघडून पाहिले जी. मेलेल्या बैलाचे दात कोणी मोजते का?”

बैठक तिथेच थांबली. मास्तर म्हणून माझ्याकडे पेटी आली आणि आठ दिवसांची मुदत मिळाली. पेटी किती जुनी आहे, ती उभी राहील की नाही, आणि पंधराशेला द्यावी की नाही, हे मला सांगायचे होते. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते इथे लिहितो. अशी एक पेटी बहुतेक गावांत पडलेली असते, आणि असा एक मोटारसायकलवाला बहुतेक गावांत येऊन जातो.

पेटी आली कुठून?

पेटीला आपण इतके आपले मानतो, की ती परदेशातून आली हे सांगितले तर म्हातारी माणसे हसतात. अलेक्झांद्र दबें या पॅरिसच्या कारागिराने १८४२ साली ‘हार्मोनियम’ या नावाने पेटंट घेतले. वारा फुंकून पातळ जीभ थरथरवायची ही युक्ती त्याहून फार जुनी. चीनमध्ये शेंग नावाच्या वाद्यात ती कित्येक शतके होती. पॅरिसचे वाद्य मेजाएवढे होते, पायाने भाता मारायचा आणि खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायचे. आपल्याकडे ते मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर आले. पण आपण बसतो जमिनीवर, आणि आपल्या गाण्याला एका वेळी एकच सूर लागतो. मग एक हात मोकळा राहतो. त्या हाताने मागचा भाता हलवावा अशी छोटी पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास चालू केली, असे मानले जाते. त्यांच्या दुकानाचे नाव द्वारकिन.

महाराष्ट्रात पेटीला मान मिळाला तो संगीत नाटकांमुळे. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवाला म्हणजे नाटक कंपनीचे वैभव. पुढे पं. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी नुसत्या पेटीवर मैफली केल्या. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

तरी पेटीला वैरीही भरपूर. तिचे बारा सूर कायमचे ठोकलेले, त्यात आपल्या गाण्याची श्रुती येत नाही, मींड येत नाही, हा आक्षेप खराच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींच्या पेटीसाठी मोठा खटाटोप केला, इंग्लंडहून तशी पेटी बनवूनही घेतली. ती काही भजनी मंडळापर्यंत आली नाही. रेडिओने तर १ मार्च १९४० पासून पेटीला दारच बंद केले आणि ते १९७१ साली उघडायला लागले. गंमत बघा, एकतीस वर्षे रेडिओवर पेटी नव्हती आणि त्याच एकतीस वर्षांत गावागावांत पेट्या आल्या. आमचीही त्याच काळातली. तेव्हा मला ते माहीत नव्हते.

वय कसे काढले

गावात विचारले तर पेटीचे वय प्रत्येकाचे वेगळे. कोणी म्हणे शंभर वर्षे, कोणी म्हणे इंग्रजांची, कोणी म्हणे जर्मनीची. पेटीवर कारखान्याची पाटी होती, तिचे दोन खिळे तेवढे उरले होते. पाटी असती तर काम सोपे होते. पाटीवर पत्ता असतो, आणि पत्ता बोलतो. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर ती पाटी १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची नाही, कारण पिन कोड त्या दिवशी चालू झाला. ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ इंग्रजीत छापलेले असेल तर साधारण १९९५ नंतरची, ‘कोलकाता’ असे इंग्रजीत असेल तर २००१ नंतरची. आपले गोंदिया हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन, त्यामुळे दोन्हीकडचा माल आपल्याकडे उतरत आलेला आहे. पाटी निघून गेली म्हणून हताश होऊ नका. आमचेही काम पाटीवाचून भागले.

मोठ्या बाबांनी सांगितले, झाकणाच्या आत काहीतरी लिहिलेले होते. तिथे काजळीचा आणि धुपाचा थर होता. पाणी लावायचे नाही. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला, मग कोरड्या फडक्याने पुसले. तासाभराने पांढऱ्या रंगातली अक्षरे वर आली. भजन मंडळ, गावाचे नाव, त. गोंदिया, जि. भंडारा, मुंबई राज्य.

‘मुंबई राज्य’ वाचले आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण वाचकहो, आपला जिल्हा किती दारी फिरून आला आहे ते आपण विसरतो. १९५० पर्यंत भंडारा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. १९५० साली त्याच प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे झाकणावर किंवा बुडाशी ‘सी. पी.’ असेल तर १९५० च्या आधीचे लिखाण, ‘जि. भंडारा, म. प्र.’ असेल तर १९५० ते ५६, ‘मुंबई राज्य’ असेल तर साडेतीन वर्षांच्या चिमूटभर काळातले, ‘जि. भंडारा, महाराष्ट्र’ असेल तर १९६० ते ९९, आणि ‘जि. गोंदिया’ असेल तर त्यानंतरचे.  आपल्या पेट्या, समया, घंटा, सतरंज्या, तमाशातले ढोलकीचे खोडसुद्धा असे वाचता येते.

दुसरा पुरावा सूर बसवलेल्या फळीच्या खालच्या बाजूला मिळाला. तिथे पेन्सिलीने किंमत होती, ‘९५ रु. ५० न. पै.’ न. पै. म्हणजे नवे पैसे. आणे जाऊन नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, आणि त्यातला ‘नवा’ शब्द गळाला १९६४ साली. आता दोन्ही पुरावे एकावर एक ठेवा. किंमत १९५७ च्या एप्रिलआधी लिहिलेली नाही. झाकणावरची अक्षरे १९६० च्या एप्रिलनंतरची नाहीत. पेटी गावात आली ती या तीन वर्षांत.

इथे एक खबरदारी घ्यावी. अक्षरे सांगतात ती पेटी गावात आल्याची वेळ. ती कुणाची वापरलेली घेतली असेल तर घडण त्याहून जुनी असू शकते. म्हणून मी बाकीचे अंगही पाहिले. सगळे जुने स्क्रू एका खाचेचे होते, भात्याच्या कोपऱ्यावरचे दोनच चौफुलीचे. ते दोन नंतरच्या दुरुस्तीतले. सांधे सरसाने जोडलेले, तपकिरी आणि काचेसारखे कडक. मात्र भात्याच्या एका घडीवर पांढरा डिंक वाळलेला होता. फेविकॉल बाजारात आले १९५९ साली आणि खेड्यात पोचायला आणखी वर्षे लागली, म्हणून तेही नंतरचेच. पांढऱ्या पट्ट्यांवरचा पत्रा बोटाने जोरात घासून नाकाशी नेला तर कापराचा वास आला. तो सेल्युलॉइड. पुढच्या काळातल्या प्लॅस्टिकला असा वास येत नाही. (सेल्युलॉइड भडकन पेट घेते. काडी लावून परीक्षा करू नका आणि समईही पेटीला चिकटून ठेवू नका.)

एवढे झाल्यावर मोठे बाबा म्हणाले, “बरोबर आहे. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. घरटी एक कुडव धान दिला होता लोकांनी.” त्यावर काकू, म्हणजे महिला मंडळ चालवणाऱ्या आमच्या काकू, आतून बाहेर आल्या. “कुडव धान पुरुषांनी वहीत लिहिला. पुरला कुठं तो? सासूबाई सांगत, रांधताना रोज मूठभर तांदूळ बायांनी बाजूला काढला, वर्षभर. त्यातून पेटी आली. वहीत ते नाही.” मोठे बाबा काही बोलले नाहीत. वही काही आता सापडत नाही. पण पंधराशेचा हिशेब त्या क्षणापासून बदलला हे मात्र खरे.

‘जर्मन सूर’ म्हणजे काय

आता तो गृहस्थ आत काय बघत होता? पेटीचा जीव तिच्या सुरांत असतो. सूर म्हणजे पितळेच्या चौकटीवर एका टोकाला बसवलेली पितळी जीभ. आमच्या पेटीत ३७ पट्ट्या आणि सुरांच्या दोन ओळी, म्हणजे ७४ सूर. जुन्या काळी हे सूर जर्मनीहून आणि पॅरिसहून येत. दुसरे महायुद्ध लागले तसा तो माल अडला, आणि गुजरातेत पालिताणा, भावनगर भागात सूर घडवण्याचा धंदा वाढला. आजच्या बहुतेक पेट्यांत तेच सूर असतात आणि त्यातले चांगले सूर खरोखर चांगले असतात. पण ‘जर्मन सूर’ या शब्दाला बाजारात भाव आहे. त्यामुळे विकताना प्रत्येक पेटी जर्मन होते आणि विकत घेताना प्रत्येक पेटी लाकडाची होते.

मी फळी उघडली तेव्हा ६५ सूर एका घडणीचे दिसले, कडा नीट घासलेल्या, रिव्हेट एका रेषेत. नऊ सूर वेगळ्या घडणीचे होते. बऱ्याच वर्षांपूर्वी ही पेटी शहरात दुरुस्तीला दिली होती. जुने सूर मोडले म्हणून बदलले की चांगले म्हणून काढून घेतले, हे आता कोण सांगणार? म्हणून एवढे लक्षात ठेवा. पेटी दुरुस्तीला देण्याआधी फळी उघडून मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सूर मोजा आणि ते दुकानदाराच्या देखत करा. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

आमचे सूर जर्मन आहेत का? चौकटीवर कुणाचाही शिक्का नाही, म्हणून मी तसे म्हणत नाही. आवाज गोल आहे, भात्याच्या हलक्या दाबाला बोलतो, एवढे पुरे.

पेटी उभी करताना

सुरुवात सुरांपासून करू नये. माझे तिथेच चुकले, ते पुढे सांगतो. आधी पेटी दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. उन्हात मुळीच नको, फळ्या फाटतात. मग झाकण काढून मऊ कोरड्या ब्रशने धूळ बाहेर काढावी. आमच्या पेटीत धुळीबरोबर तणसाचे घरटे निघाले. उंदराला चामडे आणि सरस दोन्ही आवडते, आणि भाता म्हणजे त्याला आयतीच माडी.

नंतर भात्याची परीक्षा. पुढच्या सगळ्या खुंट्या बंद ठेवा, एकही पट्टी दाबू नका, आणि भाता मारून आतला भाता वाऱ्याने भरा. आता हात सोडून मनात आकडे मोजा. नव्या पेटीचा वारा बराच वेळ टिकतो. जुनीने दहा-पंधरा आकड्यांपर्यंत तग धरला तर समाधान माना. आमची तिसऱ्या आकड्याला बसली. वारा कुठून जातो ते पाहायला ओला गाल किंवा उदबत्तीचा धूर उपयोगी पडतो. उदबत्ती सेल्युलॉइडपासून लांब धरावी. घडीच्या कोपऱ्यावर वारा लागला तर चामडे फाटले आहे. त्याला पातळ बकऱ्याचे चामडे सरसाने लावावे. सायकलच्या ट्यूबचे ठिगळ आणि सोल्युशन लावलेल्या पेट्या मी पाहिल्या आहेत. ते ठिगळ दोन वर्षांत कडक होते, आणि काढताना जुने चामडे घेऊनच निघते. फेविकॉलचेही तेच. सरस ओल्या गरम फडक्याने सुटतो, म्हणून पुढच्या दुरुस्तीला तो बरा. आमचा तो फेविकॉलचा सांधा सोडवायला अख्खी सकाळ गेली.

वारा भात्यातून न जाता पट्ट्यांखालून जात असेल तर झडपा पाहाव्यात. प्रत्येक पट्टीखाली एक लाकडी झडप असते, तिच्या पोटाला मऊ चामडे. ते कडक झाले, त्यात कण अडकला, किंवा वरची तार ढिली पडली, की झडप पुरती मिटत नाही आणि तो सूर न दाबताच कण्हत राहतो. चामडे ब्रशने फुलवावे, तार किंचित ताणावी. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते.

पट्टी दाबलेलीच राहते ही तक्रार आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि ती रोवणीच्या दिवसांत सुरू होते. कारण उघड आहे. आपल्याकडचा पाऊस लाकडाला फुगवतो, पट्टी शेजारणीला घासते. अशा वेळी उत्साही माणूस पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि पट्टीची कड घासतो. पेटी लगेच चालते. मग चैत्र-वैशाखात लाकूड आक्रसते आणि तीच पट्टी दातासारखी हलायला लागते. पावसाळ्यात लाकूड घासू नका. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर अर्ध्या पट्ट्या आपोआप सुटतात, आमच्या दोनपैकी एक तशीच सुटली. दुसरीच्या खाली तांदळाचा दाणा अडकलेला होता.

आता सूर. सूर मुका असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा जीभ आणि चौकट यांच्यामध्ये धुळीचा कण असतो. कोऱ्या कागदाची पातळ पट्टी जिभेखालून अलगद ओढावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीने पितळेला हिरवा जंग चढतो. सूर खरखरत असेल तर जीभ चौकटीला एका बाजूने घासते आहे. तिला मध्यावर आणणे हे कारागिराचे काम, आपले नव्हे.

बेसूर झालेला सूर लावण्याची रीत ऐकायला सोपी आहे. जिभेच्या सुट्या टोकाकडून कणभर पितळ खरवडले तर टोक हलके होते आणि सूर चढतो. बुडाकडून खरवडले तर जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. खाली दाढीचे पातळ पाते सरकवून ठेवायचे, म्हणजे जीभ वाकत नाही. दोन-तीन ओरखडे, मग वाजवून बघायचे. मी हे वाचले, समजले आणि पहिल्याच दिवशी, भाता दुरुस्त होण्याआधी, मधल्या सप्तकातल्या गंधारावर बसलो. सूर उतरलेला वाटला म्हणून टोकाकडून खरवडला. आणखी खरवडला. तिसऱ्या वेळी जीभ तुटून माझ्या हातात आली. नंतर कळले की सूर उतरलेला नव्हताच. भात्यात पुरेसा वारा नव्हता म्हणून तो दबून बोलत होता. पासष्टचे चौसष्ट झाले ते माझ्या हातून. काकूंना सांगताना मान खाली गेली. त्या म्हणाल्या, “असू द्या जी, नवऱ्यानं तर एकदा पेटीवर धानाचा कट्टा ठेवला होता.”

पोरांच्या मोबाईलमध्ये सूर मोजण्याची सोय असते. तिच्यावर पांढरी सहा ४४० च्या आसपास दाखवली पाहिजे असे ते म्हणतात. हे ४४० चे माप आंतरराष्ट्रीय बैठकीत ठरले १९३९ साली. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवले होते. म्हणून जुन्या पेटीचे सूर थोडे खाली-वर असणे हा दोष नव्हे, आणि त्यावरून पेटीचे वयही काढू नये, कारण मध्ये कितीजणांनी ते खरवडले असतील कोण जाणे. भजनाला पेटी स्वतःशी सुरात असली म्हणजे झाले. सगळीच पेटी ४४० ला आणायची म्हणून ७४ जिभा खरवडणे म्हणजे सगळ्याच पातळ करणे. जे पाच-सहा सूर शेजाऱ्यांशी भांडतात तेवढेच लावून घ्यावेत. एका पट्टीचे दोन सूर एकत्र वाजवून ऐका. आवाज ‘वाँव-वाँव’ असा हेलकावला तर दोघांत फरक आहे. हेलकावा जितका जलद, तितका फरक मोठा. ही परीक्षा मोबाईलशिवाय होते आणि काकूंचे कान माझ्यापेक्षा ती चांगली करतात.

शेवटचे हे काम मी केले नाही. पेटी गोंदियाला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली, फोटो काढून, सूर मोजून. त्याने तुटलेला गंधार बदलला, सहा सूर लावले, आतल्या भात्याच्या स्प्रिंगा सारख्या केल्या. दोन दिवस मी त्याच्यासमोर बसून होतो. त्याची मुले या कामात नाहीत. त्याने जे पैसे घेतले ते मोटारसायकलवाल्याच्या पंधराशेहून थोडे जास्तच भरले, आणि नव्या पेटीच्या किमतीपुढे ते काहीच नव्हते.

पेटी कुठे ठेवू नये

हे स्वतंत्र लिहितो, कारण शेतकऱ्याच्या घरी हीच चूक सर्रास होते. जागा मोकळी असते म्हणून पेटी गोठ्याच्या माडीवर जाते किंवा युरियाच्या पोत्यांच्या खोलीत. पितळेला अमोनियाचे वावडे आहे. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातल्या फौजेला याचा मोठा फटका बसला. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांची पितळी कवचे आपोआप तडकत. कोणी वापरलेली नाहीत, कुणी ठोकलेली नाहीत, तरी भेगा. बऱ्याच वर्षांनी, १९२१ साली, इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी कारण दाखवले. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा, दोन्ही मिळून ताणाखालचे पितळ फोडतात. आपल्या पेटीत ७४ पितळी जिभा आहेत. गोठा आणि खताची खोली तिच्यासाठी नव्हे.

पेटी जमिनीपासून हातभर उंच लाकडी फळीवर ठेवावी. वर जुने धुतलेले लुगडे टाकावे, प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. वाजवून झाले की चार पट्ट्या एकदम दाबून उरलेला वारा सोडावा, मगच भाता मिटून कडी लावावी. वारा आत असताना भाता जोराने दाबून बंद करणे, हेच चामडे फाटण्याचे सगळ्यात मोठे कारण. आणि पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी ती वाजवावी. आमच्याकडे ते काम दर एकादशीला महिला मंडळाकडे आले आहे.

पोरांनी कॅसिओही घेतला, वर्गणी काढून. मंडईच्या दिवशी तो लाउडस्पीकरवर असतो आणि छान वाजतो. काकड आरतीला पहाटे वीज नसते तेव्हा पेटी असते. दोघांचे भांडण नाही.

मोटारसायकलवाला पुन्हा आला होता. या वेळी त्याने चार हजार म्हटले. काकूंनी त्याला चहा दिला.

झाकणाची जुनी अक्षरे पुसू नयेत असे ठरले. त्यांच्याखाली दुरुस्तीची एक ओळ घालावी म्हणून शाळेच्या पाट्या रंगवणारा पेंटर बोलावला. त्याने विचारले, जिल्हा कोणता लिहू? वर तर भंडारा आहे. मी म्हटले, वरचे राहू द्या, खाली ‘जि. गोंदिया, महाराष्ट्र’ लिहा. मोठे बाबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, “आणि तारीख टाका गा. पुढच्या मास्तरले तरास नको.” काकूंनी आणखी एक ओळ घालून घेतली, पेंटरने तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत. ती अशी : ‘ही पेटी बायांच्या मूठभर तांदळाची.’